दारावरचे लाल आकडे

माझे धाकटे दीर पाट्या रंगवायचे. भिंतीवर पहिलं अक्षर काढण्याआधी ते रंगाचा रिकामा डबा उलटा टाकत, भिंतीसमोर बसत आणि नुसते बघत राहत. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. दुकानदार वैतागून म्हणायचा, "पेंटर, तुम्हाला रंगवायला बोलावलंय, बघायला नाही." भाऊजी म्हणत, "बघणं फुकट असतं, बिलात धरत नाही." मग खडू फासलेला दोरा ताणून रेघ मारत, आणि एकदा रेघ पडली की ब्रश थांबत नसे.

पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एक आकडा चुकला नाही. फोनचा नंबर असो की घराचा क्रमांक, लिहून झाला की बोट ठेवून मोठ्याने वाचायचे, मालकालाही वाचायला लावायचे. खोटी पाटी रंगवत नसत. एकाने दुकानावर 'चाळीस वर्षांची परंपरा' लिहायला सांगितलं. दुकान उघडून चार वर्षं झाली होती. भाऊजी म्हणाले, "छत्तीस वर्षांनी निरोप द्या, लगेच येतो."

त्यांनी लग्न केलं नाही. आमच्याच घरात बाहेरच्या खोलीत राहिले. त्यांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास यायचा, म्हणून त्यांची दोरी मी वेगळी बांधून दिली होती. मी रोज सकाळी देवाजवळ दिवा लावला की वहीत आठ-दहा ओळी लिहिते. लहानपणापासूनची सवय. पुढचं बरंचसं त्या वहीतून उतरवते आहे, आणि वहीत लिहायचं मी टाळलं होतं तेही इथे लिहिते आहे.

आमच्या गल्लीत एकशे बारा दारं. पालिकेच्या कागदावर प्रत्येक घर दोन खोल्यांचं आणि एका कुटुंबाचं. प्रत्यक्षात घरामागच्या हातभर अंगणात कोणी एक खोली काढलेली, कोणी वर पत्रा टाकून माळा केलेला, आणि त्यात भाऊ, मेहुणा, म्हातारे आईवडील. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. गणतीला माणूस आला की घराघरातून एकच उत्तर जायचं, चार. फार तर पाच. मागच्या खोलीतली माणसं तेवढा वेळ श्वास रोखून बसायची.

त्यामुळेच मतदार यादीत आमच्या गल्लीची नावं जेमतेम होती. नाव घालायचं म्हणजे पत्ता द्यायचा, आणि पत्ता दिला की मागची खोली उघडी पडणार. ज्यांची नावं होती तेही मत द्यायला जात नसत. मागच्या निवडणुकीत एकशे एकसष्ट नावं आणि मतं पडली अठ्ठेचाळीस. सगळ्या शहरात आम्ही शेवटचे.

म्हणून निवडणुकीच्या सहा महिने आधी पालिकेच्या विभाग कार्यालयातून एक मॅडम आल्या. तरुण, घामाघूम झालेल्या, हातात फाइल. लोकांनी नावं नोंदवावीत, मतं द्यावीत, यासाठी गल्लीगल्लीतून प्रचार करायचा होता. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी फाइल उघडली आणि भाऊजींना घोषणा वाचून दाखवल्या. एका मताची किंमत, देशाचं भवितव्य, असं बरंच.

भाऊजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ही तिसरी घोषणा पुलाखालच्या भिंतीवर आहे. गेल्या वेळी मीच रंगवली. तीन फुटी अक्षरं. ती वाचून कोणी मत दिलं असेल तर मला भेटवा. मी स्वतः ती रंगवली आणि मतदानाच्या दिवशी मत द्यायचं विसरलो."

मॅडम हसल्या. मग फाइल मिटून म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा, काय करू?"

"मला आठ दिवस द्या," भाऊजी म्हणाले. "गल्ली बघतो."

आणि खरोखरच आठ दिवस डबा उलटा टाकून गल्लीच्या तोंडाशी बसले. काम बंद. आमचे हे जेवताना म्हणाले, "सगळं जग निवडणुकीला उभं राहतं, आपले चिरंजीव बसलेत." भाऊजी जेवून उठले आणि पुन्हा डब्यावर जाऊन बसले.

नवव्या दिवशी ते मला म्हणाले, "वहिनी, लोक भिंत वाचत नाहीत. लोक दार वाचतात. स्वतःचं रोज, आणि शेजाऱ्याचं त्याहून जास्त." मग आमच्याच दारावर, कडीच्या उंचीला, त्यांनी तळहाताएवढ्या दोन चौकटी काढल्या. डावीकडच्या चौकटीत लाल ऑइलपेंटने चार लिहिलं, म्हणजे आमच्या घरातली मतं: सासूबाई, हे, भाऊजी आणि मी. उजवी चौकट मोकळी ठेवली.

"हिच्यात काय?" मी विचारलं.

"निवडणुकीच्या दिवशी जितके जाऊन येतील तितका आकडा. तोवर मोकळी."

"आणि कोणी गेलंच नाही तर?"

"मोकळी चौकट खाजते, वहिनी. तुम्ही बघाच."

खरंच खाजली. दोन दिवसांत निम्मी गल्ली दारासमोर थांबून गेली. समोरचे किराणावाले म्हणाले, "आमच्याकडे मतं सहा आहेत. पण चालतं एकीचंच. ती एक लिहू का सहा?" भाऊजी म्हणाले, "सहा लिहू, तुमची इज्जत राहील." कोपऱ्यावरचे पेन्शनर काका एकटेच राहायचे. त्यांच्या दारावर एक लिहिलं तर ते चिडले, फार उघडं दिसतं म्हणाले. मांजर धरून दोन करा म्हणाले. भाऊजींनी एकाचा आकडा जरा मोठा आणि जाड काढून दिला, तेव्हा कुठे समाधान झालं.

पण आकडा लिहायचा तर खरा, आणि खरा आकडा म्हणजे मागची खोली. इथे गाडी अडली. भाऊजी अर्धवट आकडा लिहायला तयार नव्हते, आणि लोक पूर्ण सांगायला. तेव्हा ते मॅडमकडे गेले. मीही बरोबर होते, मला दाखला काढायचा होता. भाऊजींनी सरळ विचारलं, "ही नावं बांधकामवाल्यांकडे जाणार नाहीत ना?"

मॅडम म्हणाल्या, "तो विभाग वेगळा. वरच्या मजल्यावर. आमच्या टेबलावरचा कागद त्यांच्या टेबलावर जात नाही. कायद्यानेच जात नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. हे मी आजही म्हणेन.

भाऊजींनी दारोदार जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हातून चूक होत नाही हे गल्लीला माहीत होतं, म्हणून लोकांनी ऐकलं. कोणी सहा सांगितले, कोणी सात, कोणी आठ. मॅडमचे अर्ज भरले गेले. लाल आकडे दारादारावर चढत गेले.

अडली ती शिलाईवाली. आमच्यापासून सातवं दार. समोरच्या खोलीत तिचं मशीन, नवरा, सासूसासरे. मागे काढलेल्या खोलीत तिचा भाऊ, भावजय, त्यांच्या दोन जुळ्या मुली, वयाने नुकत्याच मतापर्यंत आलेल्या, आणि तिचे वडील. वडिलांचं डावं अंग लुळं पडलेलं. बोलणं फुटत नसे, कळायचं मात्र सगळं. ती खोली गेली तर त्या माणसाला ठेवायला दुसरी जागा नव्हती. हे ती कोणालाही सांगायची.

"चार लिहा, पेंटरदादा," ती मशीनवरून न उठता म्हणाली.

"नऊ आहेत."

"नऊ आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. दाराला कशाला सांगता?"

"चार मी लिहिणार नाही. मोकळं ठेवतो."

"मोकळं ठेवा मग. माझं काय जातं?"

भाऊजी परत आले आणि दोन दिवस तोंड पाडून बसले. एकशे अकरा दारं झाली आणि एक राहिलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. आता मी टाळलेलं लिहिते. तिच्याकडे मी गेले. ती मला ताई म्हणायची, आणि रोज सकाळी मी प्रार्थनेला बसते म्हणून माझ्या शब्दाला जरा मान द्यायची. मी तिला म्हणाले, "खरं सांगायला कशाला घाबरतेस? देव बघतो." ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणताय म्हणून."

आमच्या घराला मागची खोली नव्हती. आमचे चार ते खरोखरच चार. खरं बोलायला आम्हाला काहीच लागत नव्हतं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही. वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे: 'शिलाईवालीने ऐकलं. बरं वाटलं.'

निवडणुकीचा दिवस चांगला गेला. मी तो खोटा ठरवणार नाही. शाळेत केंद्र होतं. शिलाईवालीच्या वडिलांना न्यायचं कसं, तर आमच्या स्वयंपाकघरातली हाताची खुर्ची भाऊजींनी घेतली आणि त्यांनी आणि तिच्या भावाने म्हातारबुवांना बसवून उचलून नेलं. गल्ली बाजूला होत गेली. किराणावाले म्हणाले, "वाट द्या, उमेदवार आले." म्हातारबुवांचा अर्धा चेहरा हसला.

परत आल्यावर भाऊजींनी तिच्या दाराच्या उजव्या चौकटीत नऊ काढला. म्हातारबुवांनी उजव्या हाताने खूण केली, मला जवळ न्या. खुर्ची दाराशी नेली. त्यांनी आकड्यावर अंगठा ठेवला. रंग ओला होता. एका बोटाला मताची शाई आणि अंगठ्याला लाल रंग. भाऊजींनी पुसायला चिंधी काढली तर त्यांनी हात मागे घेतला.

संध्याकाळपर्यंत पाचशे एकेचाळीस नावांपैकी चारशे त्र्याहत्तर मतं झाली. शहरात आम्ही पहिले. आठवड्याने भाऊजींना कार्यालयात बोलावून प्रशस्तिपत्र दिलं, मॅडमबरोबर फोटो काढला. मॅडमना बढती मिळाली आणि त्या दुसऱ्या शहरात गेल्या. जाताना त्या मला भेटायला आल्या होत्या. दारावरच्या आकड्यावर हात फिरवून म्हणाल्या, "इतकं साधं. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत कोणाला सुचलं नाही."

त्यानंतर तीन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमारास दोन माणसं गल्लीत आली. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या खांद्याला मोजपट्टी. त्यांनी एकही दार वाजवलं नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चालत गेले. दारापाशी क्षणभर थांबायचे, लिहायचे, पुढे. ऊन होतं म्हणून मी त्यांना पाणी दिलं. वहीवाला पाणी पिऊन तांब्या परत देत म्हणाला, "तुमच्या गल्लीने फार सोय केली, ताई. नाहीतर आम्ही दार वाजवलं की आत कोणी नसतंच."

मला लगेच उलगडलं नाही. भाऊजी कामावरून दुपारी जेवायला आले तेव्हा सहज म्हणून सांगितलं. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"कुठल्या विभागाचे होते?"

"विचारलं नाही."

"मोजपट्टी होती?"

"होती."

ते उठले आणि तसेच उपाशी बाहेर गेले. मॅडमनी सांगितलं होतं त्यात काही खोट नव्हती. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर खरंच गेला नव्हता. त्याची गरजच राहिली नव्हती. खालच्या मजल्यावर लपवून ठेवलेलं आम्ही दारावर लाल रंगात लिहून ठेवलं होतं, कडीच्या उंचीला, येताजाता वाचता यावं म्हणून.

पंधरा दिवसांत चौतीस घरांना नोटिसा आल्या. आकडा पाचाच्या वर असेल त्या घराची तपासणी, आणि मंजुरीपेक्षा जास्त निघालेली खोली पाडणार. त्याआधी एकदा म्हणणं मांडायची मुभा.

भाऊजींनी त्याच दिवशी चुना कालवला आणि आकड्यांवर ओढला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत. दुसऱ्या दिवशी चुन्याच्या पापड्या पडल्या आणि खालून आकडे जसेच्या तसे. टिकावेत म्हणून त्यांनी सगळ्यात चांगला रंग वापरला होता. मग पॉलिशपेपर आणि पातं घेऊन ते दारोदार खरवडत निघाले. लोक दारात उभे राहून बघत होते, एवढंच. कोणाच्या तरी ओसरीवरून आवाज आला, "लिहायला आले तेव्हा प्रशस्तिपत्र, आता पुसायचं कोणतं पत्र मिळणार?"

शिलाईवालीच्या दाराशी ते टेकले तर ती बाहेर आली.

"राहू द्या."

"पुसतो ना मी."

"आता दार पुसून काय उपयोग? त्यांच्या वहीत चढलंय." मग माझ्याकडे बघून, कारण मी मागे बादली घेऊन उभी होते, ती म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होता, देव बघतो."

देव बघतो, हे मी आजही मानते. पण आमच्या गल्लीत तो एकटाच बघत नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

सुनावणीला भाऊजी शिलाईवालीच्या बाजूने गेले. काय बोलणार ते त्यांनी घरी सांगितलं नाही. मी आणि ती मागच्या बाकावर. अधिकारी वयस्कर होते, चष्मा पुसत हळू बोलणारे, माणूस वाईट वाटत नव्हता. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तो आकडा चुकीचा आहे. त्या घरात चारच माणसं आहेत. नऊ मी चुकून लिहिला."

माझ्या शेजारी शिलाईवालीने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"तुमचा धंदा काय?" साहेबांनी विचारलं.

"पाट्या रंगवतो. पंचवीस वर्षं."

"आणि आकडा चुकला?"

"चुकला."

"एकशे बारा दारं रंगवलीत. त्यातले किती चुकले?"

भाऊजी म्हणाले, "सगळे."

"तुमच्या स्वतःच्या दारावरचासुद्धा?"

"तोसुद्धा."

मी या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकत होते. ते त्यांना जमत नव्हतं. मान खाली, हात शाळेतल्या मुलासारखे पाठीमागे. साहेबांनी चष्मा घातला आणि टेबलाच्या खणातून छापील मतदार यादी काढली. "ही शाळेच्या भिंतीवर लावलेली होती. कोणीही वाचावी म्हणूनच लावतात. या पत्त्यावर नऊ नावं आहेत. नऊ जणांनी मत दिलंय. दारावरच्या दुसऱ्या चौकटीतही नऊ आहेत, माझ्याकडे फोटो आहे. नऊ माणसं येऊन मत देऊन गेली, तेही तुमच्या हातून चुकून झालं का?"

भाऊजी यादीतली ती नऊ नावं बघत राहिले.

"बसा," साहेब म्हणाले, आणि तेही सौम्यपणेच.

चौतिसांपैकी एकोणीस खोल्या पडल्या. बाकीच्यांनी कोणी ओळख लावली, कोणी वेळ मागून घेतला. शिलाईवालीकडे ना ओळख होती ना वेळ. खोली पाडायला आले तेव्हा म्हातारबुवांची खाट आधी बाहेर आणून गल्लीत ठेवली. ते दाराकडे तोंड करून पडले होते. दारावर आता आकडा नव्हता, भाऊजींनी शेवटी तो खरवडलाच होता; दोन चौकोनांत पांढुरकं लाकूड दिसत होतं. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. शिलाईवालीने येऊन छत्री माझ्या हातातून घेतली आणि स्वतः धरली.

तिचा भाऊ शहराबाहेर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, गोदामाच्या मागे एका खोलीत राहायला गेला. चार महिन्यांनी म्हातारबुवा तिथेच वारले. आम्हाला किराणावाल्यांकडून कळलं. आम्ही जायचं की नाही यावर घरात दोन दिवस घोळ झाला, आणि मग जायची वेळ टळून गेली. त्या दिवसांत सकाळी दिवा लावायचे, वही उघडायचे आणि मिटायचे. तेवढी पानं कोरी आहेत.

भाऊजींचा धंदा त्या वर्षी बसला. सुनावणीत स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं शहरभर झालं. दुकानदार अर्धं हसत, अर्धं खरं विचारायचे, "पेंटर, फोन नंबर लिहायचा होता. बरोबर येईल ना?" कोणी म्हणायचं, "नको, तो नऊ लिहील." 'सुनावणीत मी खोटं बोललो होतो, आकडे सगळे खरे होते,' असं भाऊजी एकदा जरी म्हणाले असते तरी कामं मिळाली असती. मी तसं सुचवलं. ते म्हणाले, "मग तिच्यासाठी बोललो ती काय नुसती तोंडाची वाफ होती?" आता ते एका गोदामात खोक्यांवर छापील पत्ते चिकटवतात. सगळे पत्ते यंत्रातून येतात. नुसते चिकटवायचे.

शिलाईवाली आमच्याशी बोलायची थांबली. कपडे शिवायला देणंही सुटलं. गल्लीत समोरासमोर आलो तर ती पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, म्हणजे त्या बाजूला बघायला कारण मिळायचं.

असं पावणेदोन वर्षं. मग पुन्हा निवडणूक आली, आणि पालिकेचे लोक मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघरी वाटून गेले. दुपारी दाराशी कोणी उभं असल्याची चाहूल लागली. बघते तर ती. आत ये म्हटलं तर आली नाही. भाऊजींची सुट्टी होती, ते बाहेर आले. तिने हातातल्या चिठ्ठ्या पुढे केल्या. आमच्याच गल्लीचा, तिच्याच घराचा पत्ता, आणि मागच्या खोलीतली पाच नावं.

"खोली त्यांनी पाडली," ती म्हणाली. "माणसं मात्र अजून इथेच राहतात म्हणे. बाबासुद्धा."

भाऊजींनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. सगळ्यात वरची म्हातारबुवांची होती.

"नाव तुम्ही लावलंत, पेंटरदादा. तुम्हीच काढा."

"काढतो. बाकी चौघांचं काय करू? नव्या पत्त्यावर..."

"त्यांचं त्यांना विचारा. मुली म्हणतात, आता कुठल्याच यादीत नको. मी कोणाच्या वतीने आकडा सांगत नाही आता." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून भाऊजी कार्यालयात गेले. मीही गेले. तिला नऊ सांगायला मी लावलं होतं, मग हेही एकट्याने त्यांनी का करावं. नाव वगळण्याचा अर्ज एका खिडकीवर मिळत होता. भाऊजी भिंतीकडच्या बाकावर बसले, अर्ज गुडघ्यावर पसरला आणि नुसते बघत राहिले. मी ओळखलं, आणि थांबले. मग त्यांनी पेन उघडलं. एकेका चौकटीत एकेक अक्षर, जसं ते दुकानाच्या पाटीवर काढायचे तसं, खाली सारखं, वर सारखं. नाव. पत्ता. कारण: मृत्यू. लिहून झाल्यावर बोट ठेवून हळू आवाजात वाचलं, आणि मलाही वाचायला लावलं.

एक चौकट राहिली होती, अर्जदाराचं मृताशी नातं. बऱ्याच वेळाने तिथे त्यांनी 'शेजारी' लिहिलं.

खिडकीवरच्या कारकुनाने बघितलं आणि अर्ज परत सरकवला. "शेजारी चालत नाही. रक्ताचं नातं लागतं. मुलगा, मुलगी, कोणीतरी. सही आणि मृत्यूचा दाखला."

परत गल्लीत. शिलाईवाली मशीनवर होती. भाऊजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि कारकून जे म्हणाला ते सांगितलं. तिने मशीन थांबवलं. कापडावर खुणा करायचा खडू तिच्या बोटांना लागला होता, तो न पुसताच तिने अर्ज घेतला, 'शेजारी'वर एक रेघ ओढली, वर 'मुलगी' लिहिलं आणि सही केली. मग उठून ट्रंकेतून दाखल्याची प्रत काढून दिली. अर्ज परत देताना तिने तो पहिल्यांदा नीट पाहिला. कागदावर खडूची दोन बोटं उमटली होती, भाऊजींनी ती झटकली नाहीत.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. कारकुनाने दाखला जोडला, शिक्का मारला आणि अर्ज गठ्ठ्यात टाकण्याआधी पुन्हा हातात धरला.

"अक्षर छान आहे हो तुमचं. असे अर्ज येत नाहीत आमच्याकडे. काय करता?"

"पाट्या रंगवायचो," भाऊजी म्हणाले.

"सोडलंत का?"

भाऊजींनी पोच मागितली, घडी करून खिशात ठेवली. जिना उतरताना ते मला म्हणाले, "वहिनी, आपल्या दारावरचे खरवडलेले दोन चौकोन अजून तसेच आहेत. रविवारी दार अख्खंच रंगवून टाकतो. एकाच रंगात."